तुम्ही विचारलंत म्हणून: सगळ्यात कमी कोटेशनवाल्याला काम का देत नाही?

हा प्रश्न मला अकाउंट्समधले सहकारी विचारतात, एमबीए करणारी भाची विचारते आणि ज्यांच्या हातून काम निसटलं ते व्हेंडर तर विचारतातच, जरा वेगळ्या सुरात.

औषध कंपनीने क्लिनिकल ट्रायलची जी कामं बाहेर दिलेली असतात, ती आणि त्यांचं बजेट सांभाळणं ही माझी नोकरी. साइटवर, म्हणजे ट्रायल चालू असलेल्या रुग्णालयांवर, देखरेख सीआरओ (ट्रायलची कामं कंत्राटावर करणारी कंपनी) करते. रक्ताचे नमुने सेंट्रल लॅब तपासते. ते ड्राय आइसमध्ये नेणारा कुरियर वेगळा आणि कुठल्या रुग्णाला औषधाचा कुठला डबा द्यायचा हे ठरवणारे सॉफ्टवेअरवाले आणखी वेगळे.

कोटेशन आलं की रक्कम मी शेवटी बघते. आधी मागचं गृहीतकांचं पान उघडते. स्वस्ताई बहुतेक वेळा तिथेच शिजलेली असते.

समजा, ट्रायलला 300 रुग्ण हवेत. एक सीआरओ धरते की तपासलेल्यांपैकी 20 टक्के निकषांत बसणार नाहीत, दुसरी धरते 40 टक्के. पहिलीच्या हिशेबात 375 जणांची तपासणी, दुसरीच्या 500. मधल्या सव्वाशे जणांच्या रक्तचाचण्या, ईसीजी, कुरियर, डॉक्टरांची फी, हे सगळं पहिलीच्या कागदावर नसतंच. महिन्यांचंही तसंच. 20 साइट, प्रत्येकीकडे महिन्याला एक रुग्ण, म्हणजे 15 महिन्यांत भरती पूर्ण. प्रत्यक्षात दोन महिन्यांना एक मिळाला की झाले 30, आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं बिल तर दरमहा येतं! मग टेबलावर चेंज ऑर्डर, म्हणजे वाढीव कामाच्या वाढीव पैशांची मागणी, येते. तोवर ट्रायल अर्ध्यावर आलेली असते. सीआरओ बदलायची तर डेटा, कागदपत्रं, साइटशी झालेले करार, सगळंच हलवावं लागणार. समोरच्यालाही हे ठाऊक असतं, त्यामुळे घासाघीस करायला फारसा वाव उरत नाही.

शिवाय काम बाहेर दिलं तरी जबाबदारी बाहेर जात नाही. रुग्णांची सुरक्षितता आणि डेटाचा दर्जा यांचं अंतिम उत्तरदायित्व आयसीएच-जीसीपी या ट्रायलसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीनुसार स्पॉन्सरचंच, म्हणजे ट्रायल करवून घेणाऱ्या औषध कंपनीचंच.

एका ओळीवर मात्र मी कात्री चालवू देत नाही: साइटची देणी आणि रुग्णांचा प्रवासखर्च. कोटेशनमध्ये हे पास-थ्रू खर्चात येतं, म्हणजे जेवढा खरा खर्च तेवढंच बिल. म्हणून सुरुवातीला ते कमी दाखवणं सगळ्यात सोपं. पण सोलापूरहून पुण्याला फॉलोअपसाठी येणाऱ्याचे बसभाड्याचे पैसे महिनोन्‌महिने अडकले, तर त्याने रोज बुडवून पुढच्या व्हिजिटला का यावं? तो आला नाही की त्याच्यावर आधी केलेला खर्चही अर्धामुर्धा वाया जातो. वर साइट कोऑर्डिनेटर आमचे फोन उचलेनासा होतो, ते वेगळंच.

हल्ली आरएफपीबरोबर, म्हणजे कोटेशन मागवणाऱ्या कागदाबरोबर, गृहीतकं मी आमचीच पाठवते: एवढे रुग्ण, एवढे महिने, दर सहा आठवड्यांनी मॉनिटरिंग व्हिजिट. सगळ्यांनी यावरच आकडे मांडायचे. त्यानंतरही एखाद्याचा आकडा सगळ्यात कमी राहिला, तर काम त्यालाच जातं. तसं होतंही. फक्त तोवर तो त्याच्याच पहिल्या आकड्यापेक्षा बराच वर गेलेला असतो.