केंब्रिज एका दिवसात: होडीचे पैसे वाचवा, संध्याकाळची रांग चुकवू नका

गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एखादा मुलगा रस्त्यात "पंटिंग?" म्हणत आडवा आला, तर थांबू नका. पंटिंग म्हणजे काठीने रेटायच्या उथळ होडीतली फेरी. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल, एवढं आधी लक्षात ठेवा.

मे महिन्यात आम्ही दोघं लेकीकडे लंडनमध्ये हॅरोला होतो. ह्यांनी पुण्यात तीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे केंब्रिज पाहिल्याशिवाय परतायचं नाही हे निघतानाच ठरलं होतं. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनवरून जलद गाडी तासाभराच्या आत पोचवते. लेकीने आम्हाला 'टू टुगेदर' रेलकार्ड काढून दिलं होतं. दोघांनी बरोबर प्रवास केला की तिकिटात एक तृतीयांश सूट मिळते, पण सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही. उतरायचं 'केंब्रिज'ला, पुढच्या 'केंब्रिज नॉर्थ'ला नाही. स्टेशनपासून जुनं गाव दोनेक किलोमीटर, रस्ता सपाट. रोज पर्वती चढणाऱ्या माणसाने बससाठी थांबू नये.

आता होडी. गावातल्या किंग्ज परेड या रस्त्यावर पोचून पाच मिनिटंही झाली नसतील, तर एका गोड बोलणाऱ्या मुलाने आम्हाला गाठलं. तासाभराची फेरी, होडीत फक्त सहा माणसं, लगेच निघतोय, माणशी 28 पाउंड. ह्यांनी कार्ड पुढे केलं. 56 पाउंड म्हणजे आपले सहा हजारांच्या वर! मग त्याने आम्हाला दहा मिनिटं चालवत नदीवर नेलं आणि दुसऱ्या मुलाच्या ताब्यात देऊन तो निघून गेला. तिथे चाळीस मिनिटं उभं राहिलो. होडीत माणसं बसली बारा. फेरी संपली चाळीस मिनिटांत. शेजारी बसलेल्या गुजराती जोडप्याने काठावरच्या खिडकीत तिकीट काढलं होतं, माणशी 20 पाउंड. त्याच होडीचं! मी तिथेच विचारलं, तर होडी चालवणारा मुलगा म्हणाला, पैसे घेणारे वेगळे, मला काही माहीत नाही. संध्याकाळी लेकीने सांगितलं की गावाच्या मध्यभागी रस्त्यावर असं गिऱ्हाईक पकडायला नगरपालिकेने 2016 मध्येच बंदी आणली होती.

होडी उथळ असते आणि बसायचं जवळजवळ तळाशी, पाय लांब करून. गुडघे दुखत असतील तर उठताना हात द्यायला कोणीतरी हवं. वल्हं नसतं, मागे उभा राहून लांब बांबूसारखी काठी नदीच्या तळाला रेटतात. प्रत्येक वेळी काठी वर आली की तिच्यावरून निथळणारं गार पाणी माझ्या डाव्या बाहीवर. मागच्या टोकाला बसू नका.

त्यात माहिती चुकीची. क्वीन्स कॉलेजच्या लाकडी पुलाखाली आल्यावर मुलगा म्हणाला, हा न्यूटनने एकही खिळा न वापरता बांधला. ह्यांना राहवलं नाही. न्यूटन 1727 मध्ये गेला, पूल 1749 चा. आराखडा विल्यम एथरिजचा, बांधला जेम्स एसेक्सने. आणि बोल्ट तर डोळ्यांना दिसत होते! पुलाची खरी गंमत त्या मुलाने सांगितलीच नाही. त्यात एकही लाकूड वाकवलेलं नाही. सगळे सरळ वासे, वर्तुळाला स्पर्शिका काढाव्यात तसे एकापुढे एक लावलेले, आणि लांबून पाहिलं की कमान दिसते.

माझं स्पष्ट मत: होडीत बसू नका. हा पूल सिल्व्हर स्ट्रीटच्या पुलावरून फुकट दिसतो. गॅरेट हॉस्टेल ब्रिज सगळ्यांना खुला आहे, तिथून क्लेअर कॉलेजचा 1640 चा दगडी पूल समोर येतो. मॉडलिन ब्रिजवर उभं राहिलं की होड्यांची गर्दीही बघायला मिळते. बसायचंच असेल तर काठावरच्या खिडकीत जा, फलकावरचा दर वाचा आणि होडीत किती माणसं बसणार ते पैसे देण्याआधी विचारा.

दुसरा फटका तारखेचा. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत परीक्षा असतात, तेव्हा बरीच कॉलेजं बाहेरच्यांना आत सोडत नाहीत. निघण्याआधी एकेका कॉलेजचं संकेतस्थळ बघा. सोमवार टाळा, फिट्झविल्यम संग्रहालय बंद असतं. एरवी ते फुकट आहे आणि आत स्वच्छतागृह आहे, ही मोठी सोय.

सेंट जॉन्स कॉलेज आम्ही दारातूनच पाहिलं. विटांचा उंच दरवाजा, त्यावर बोकडासारखे दिसणारे दोन कल्पित प्राणी. रँग्लर परांजपे इथले. दापोलीजवळच्या मुर्डीचा मुलगा 1899 मध्ये इथे सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिला आला, असा पहिला भारतीय. त्यांची मुलगी शकुंतला पुढे इथल्याच न्यूनहॅम कॉलेजात शिकली. हे टोपी काढून उभे राहिले, काही बोलले नाहीत. मी घड्याळ पाहिलं नाही. ट्रिनिटी कॉलेजसमोरचं न्यूटनच्या सफरचंदाच्या झाडाचं कलम, 1954 चं, जाता जाता पाहिलं. दुपारचं थालीपीठ बाकावर बसून खाल्लं.

आणि किंग्ज कॉलेज चॅपल. दिवसा आत जायला तिकीट आहे, पण संध्याकाळच्या प्रार्थनेला कोणीही जावं, पैसे लागत नाहीत. सत्र चालू असताना जा, नाहीतर गायकवृंद नसतो. आम्ही गेलो तेव्हा साडेपाचची वेळ होती, पाऊण तास आधी रांगेत लागलो म्हणून जागा मिळाली. फोन बंद ठेवायचा, सगळे उठले की उठायचं. आम्ही बाप्पाला मानणारी माणसं, कुणी काही विचारलं नाही.

बांधकाम 1446 मध्ये सुरू झालं, पण वरचं छत 1512 ते 1515 या तीन वर्षांतलं. माडाच्या झावळ्या दोन्ही बाजूंनी येऊन मध्ये भिडाव्यात तसं, आणि सगळं दगडात. मधल्या काळ्या लाकडी पडद्यावर राजा आठवा हेन्री आणि त्याची राणी ॲन बोलीन यांची आद्याक्षरं कोरलेली आहेत, ती जवळ जाऊन शोधा. मग मुलं गायला लागली. स्वर वर जातो, छताला लागतो आणि लगेच खाली येत नाही. मला एक शब्द कळला नाही आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ह्यांनी माझा हात धरला, बत्तीस वर्षांत चारचौघांत पहिल्यांदा.

दिवसात एकच गोष्ट करायची असेल तर ही करा, बाकीचं गाव राहिलं तरी चालेल. होडीचा राग मात्र अजून गेलेला नाही.

परतताना स्टेशनवर फलक नीट वाचा. लंडनला जलद गाड्या जातात तशा प्रत्येक स्टेशन घेणाऱ्याही जातात, आणि काही लंडनच्याच दुसऱ्या, लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनला पोचवतात. आम्ही दिसली ती पहिली पकडली, घरी जायला साडेनऊ झाले.