'पॅरानॉइड'ची कोणती तबकडी?

ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा 'पॅरानॉइड' हा अल्बम 18 सप्टेंबर 1970 रोजी ब्रिटनमध्ये व्हर्टिगो या लेबलवर, म्हणजे रेकॉर्ड कंपनीच्या त्या नावाखाली, प्रसिद्ध झाला, आणि तेव्हापासून तो इतक्या देशांत, इतक्या लेबलांवर आणि इतक्या वेळा छापला गेला आहे की 'माझ्याकडे पॅरानॉइड आहे' एवढे सांगण्याने दुसऱ्या संग्राहकाला जवळजवळ काहीच कळत नाही. कोणती छापणी, कोणत्या देशातली आणि कोणत्या कटिंगची, हे त्याचे पुढचे प्रश्न असतात. बाहेरच्या माणसाला ही चौकशी निरर्थक वाटण्याची शक्यता आहे, कारण गाणी तीच आठ आहेत, वादक तेच चार आहेत आणि ध्वनिमुद्रणही एकच आहे. तरीही या अल्बमच्या दोन तबकड्या एकापाठोपाठ लक्षपूर्वक ऐकल्या की ड्रमवादक बिल वॉर्डची झांज एकीवर स्पष्ट ऐकू येते आणि दुसरीवर ती गिटारच्या मागे दडते, असा अनुभव मला वारंवार आला आहे. माझे मत असे झाले आहे की आपण तुलना करतो ती आवृत्त्यांची नसते. ती तबकडीतल्या खाचा कोणत्या टेपवरून आणि कोणाच्या हातून कापल्या गेल्या याची असते. कव्हर, लेबल आणि साल हे सर्व त्या प्रश्नाचे केवळ पुरावे आहेत, आणि त्यांतले काही पुरावे फसवे आहेत.

तबकडी तयार होण्याची साखळी समजून घेतल्याशिवाय हे पटणार नाही. कटिंग इंजिनिअर मास्टर टेप, म्हणजे अंतिम ध्वनिमुद्रणाची मूळ टेप, वाजवत लेथ या कापण्याच्या यंत्रावरच्या एका ॲल्युमिनियमच्या चकतीत खाच कापतो. या चकतीवर नायट्रोसेल्युलोजच्या लॅकरचा थर असतो. टेपवरचा आवाज जसाच्या तसा कापता येत नाही. खर्जाचे स्वर खाचेला फार रुंद करतात, म्हणून कापताना खर्ज कमी केला जातो आणि तार सप्तकाकडचा भाग वाढवला जातो. वाजवताना फोनो प्रीॲम्प्लिफायर, म्हणजे सुईकडून येणारा क्षीण संकेत वाढवणारे उपकरण, याच्या उलट क्रिया करतो. कमी-जास्त करण्याचा हा ठरलेला वक्र सर्वांसाठी समान असला, तरी त्याखेरीज आवाज किती मोठा ठेवायचा, खर्ज किती आवरायचा, दोन्ही चॅनेलमधला खर्ज मध्यभागी किती आणायचा, हे निर्णय त्या इंजिनिअरचे असतात. पुढे लॅकरवर चांदीचा पातळ थर देऊन विद्युतलेपनाने निकेलची उलटी प्रत काढतात, तिला 'फादर' म्हणतात; तिच्यावरून 'मदर' आणि मदरवरून 'स्टॅम्पर' तयार होतो. प्रत्यक्ष विनाइल दाबले जाते ते या स्टॅम्परने, आणि तो प्रत्येक दाबासरशी थोडा झिजत जातो. म्हणजे एकाच कटिंगच्या, एकाच महिन्यात छापलेल्या दोन प्रतींमध्येही फरक पडू शकतो, मात्र तो कटिंग बदलल्यावर पडणाऱ्या फरकाहून सहसा लहान असतो.

म्हणून माझी तपासणी नेहमी शेवटच्या गाण्यानंतरच्या गुळगुळीत पट्ट्यापासून सुरू होते. संग्राहक त्याला रन-आउट किंवा डेड वॅक्स म्हणतात. तिथे कोरलेला किंवा ठोकलेला मॅट्रिक्स क्रमांक हा तबकडीचा खरा जन्मदाखला आहे. ब्रिटिश व्हर्टिगोच्या मूळ प्रतींवर 6360 011 हा कॅटलॉग क्रमांक असतो, त्यापुढे बाजूचा आकडा आणि 'वाय' हे रोमन अक्षर, मग दोन तिरक्या रेषा आणि त्यानंतर कटिंगचा आकडा. ही फिलिप्स समूहाची पद्धत होती आणि व्हर्टिगो हे त्याच समूहाचे लेबल होते. तिरक्या रेषांनंतरचा आकडा बदलला की लॅकर पुन्हा कापले गेले असे समजायचे. दोन्ही बाजूंचे आकडे स्वतंत्रपणे वाचले पाहिजेत, कारण एका बाजूचा साचा निकामी झाला म्हणून फक्त तीच बाजू नव्याने कापली जाणे ही कारखान्यातली नेहमीची गोष्ट होती. पहिली बाजू पहिल्या कटिंगची आणि दुसरी बाजू नंतरच्या कटिंगची, अशी प्रत हाती आली तर तिच्याबद्दल एकच मत देता येत नाही. दोन मते द्यावी लागतात. तिरपा प्रकाश आणि भिंग यांखेरीज या वाचनाला काही लागत नाही, आणि विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याकडे या पट्ट्याचे छायाचित्र मागण्यात संकोच बाळगू नये.

तबकडीच्या मध्यभागी चिकटवलेल्या कागदी लेबलांचा इतिहासही माहीत असावा. ब्रिटनमधल्या पहिल्या प्रतींवर व्हर्टिगोचे प्रसिद्ध काळे-पांढरे भोवऱ्याचे लेबल आहे: एका बाजूला पूर्ण भोवरा आणि दुसऱ्या बाजूला गाण्यांची नावे. तबकडी फिरू लागली की तो भोवरा आत खेचत असल्याचा भास होतो, आणि त्या दृश्याचे आकर्षण मलाही पुरेपूर आहे. 1973च्या सुमारास त्याची जागा रॉजर डीन यांनी काढलेल्या अंतराळयानाच्या लेबलाने घेतली, आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतर ब्रिटनमध्ये हा अल्बम नेम्स या लेबलवर आला. अमेरिकेत तो जानेवारी 1971मध्ये वॉर्नर ब्रदर्सने काढला. तिथे आधी हिरवे लेबल, 1973पासून झाडांच्या रांगेतल्या रस्त्याचे चित्र असलेले बरबँक लेबल आणि त्यानंतर फिकट पिवळसर लेबल, असा क्रम लागतो. अमेरिकन प्रतीवर 'वॉर पिग्ज'ला 'लूक्स वॉल' आणि 'फेअरीज वेअर बूट्स'ला 'जॅक द स्ट्रिपर' ही जोडनावे दिसतात. त्यामुळे तिथे जास्तीचे संगीत आहे असा समज करून घेऊ नये, वाद्यवादनाच्या त्याच भागांना वेगळे नाव दिलेले आहे. कव्हरवरचा ढाल-तलवारवाला माणूस शीर्षकाशी जुळत नाही याचे कारण सर्वज्ञात आहे: अल्बमचे नाव आधी 'वॉर पिग्ज' ठरले होते.

लेबलावरून वर्ष कळते, पण कटिंग कळेलच असे नाही. लेबलाचा कागद बदलणे सोपे असते, तर चांगल्या स्थितीतले मदर टाकून देण्याचे कारखान्याला काही कारण नसते. त्यामुळे भोवऱ्याचे लेबल संपल्यानंतर छापलेल्या तबकडीवरही जुन्याच कटिंगचा क्रमांक आढळू शकतो, आणि तसे असेल तर ऐकणाऱ्याच्या दृष्टीने ती प्रत पहिल्या छापणीची सख्खी बहीण आहे. ज्यांना आवाजासाठी संग्रह करायचा आहे त्यांनी हा मुद्दा विशेष ध्यानात ठेवावा, कारण बाजारातली सगळी ओढ भोवऱ्याकडे असते आणि रन-आउटकडे फार थोड्यांचे लक्ष असते.

देश बदलला की प्रश्न कटिंगच्या आधी, टेपपाशी सुरू होतो. मूळ मास्टर सहसा ज्या देशात ध्वनिमुद्रण झाले तिथेच राहत असे आणि परदेशी कंपन्यांना तिची प्रत पाठवली जात असे. ॲनालॉग टेपच्या प्रत्येक प्रतीगणिक थोडी खरखर वाढते आणि सूक्ष्म तपशील थोडा बोथट होतो. 'पॅरानॉइड'चे ध्वनिमुद्रण लंडनमधल्या रीजंट साउंड आणि आयलंड या स्टुडिओंत, रॉजर बेन यांच्या निर्मितीखाली झाले, म्हणून ब्रिटिश कटिंग टेपच्या अधिक जवळचे असणार ही अपेक्षा वाजवी आहे. परंतु ती अपेक्षाच आहे, निकाल नव्हे. टेपच्या प्रतीवरून कुशल इंजिनिअरने धीटपणे कापलेली तबकडी मूळ टेपवरून घाबरत कापलेल्या तबकडीपेक्षा अधिक जिवंत वाजू शकते.

ऐकण्याच्या पद्धतीबद्दल मी आग्रही आहे. दोन्ही तबकड्या आधी ओल्या पद्धतीने स्वच्छ केलेल्या हव्यात, सुई आणि ती धरणाऱ्या कार्ट्रिजचा कोन एकदा बसवून मग त्याला हात लावायचा नाही, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आवाजाची पातळी जुळवायची. किंचित मोठा आवाज आपल्या कानाला नेहमीच अधिक भरीव आणि अधिक चांगला वाटतो. मोठ्या आवाजात कापलेली तबकडी केवळ या एका कारणाने तुलना जिंकून जाते. मी दोन्ही तबकड्या 24 बिट आणि 96 किलोहर्ट्झच्या डिजिटल रूपात नोंदवून घेतो, एखाद्या स्थिर भागावर पातळी समान करतो, आणि मग कोणती प्रत वाजते आहे हे न पाहता ऐकतो. एवढे केल्यावर ज्यांच्याविषयी मोठमोठी विधाने केली जातात असे कित्येक फरक विरून जातात, आणि जे उरतात त्यांच्यावर विश्वास ठेवता येतो.

हेवी मेटलची तुलना करताना एक अडचण अशी येते जी शास्त्रीय किंवा जॅझ संगीतात येत नाही. टोनी आयोमी यांच्या गिटारचा आवाज मुळातच ॲम्प्लिफायरमध्ये विकृत केलेला आहे. तोच त्या संगीताचा प्राण आहे. त्यामुळे झिजलेली खाच, चुकीच्या कोनात बसलेली सुई किंवा अतिरेकी कटिंग यांतून येणारी विकृती गिटारच्या स्वरात बेमालूम मिसळते आणि ऐकणाऱ्याला ती 'जोरकस' वाटते. म्हणून 'पॅरानॉइड'ची परीक्षा गिटारवर करू नये, झांज, मानवी आवाज आणि बेस यांच्यावर करावी. 'वॉर पिग्ज'मध्ये गायक ओझी ऑझबोर्न यांच्या ओळींच्या आधाराला जवळजवळ फक्त हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटणारी झांजांची जोडी, उरते, ती जागा मी सर्वांत आधी ऐकतो. तिथे झांजेचा प्रत्येक ठोका धातूचा वाटतो की नुसता फुसफुसतो, यावरून तार सप्तकाची स्थिती कळते. त्यानंतर 'प्लॅनेट कॅरव्हान', जिथे गायकाचा आवाज लेस्ली या आतले भाग फिरणाऱ्या स्पीकरमधून फिरवलेला आहे आणि साथ अगदी हलकी आहे. विनाइलच्या पृष्ठभागाची खरखर लपायला तिथे जागाच नाही. आणि मग 'हँड ऑफ डूम'. गीझर बटलर यांचा बेस दबक्या आवाजात सुरू होतो आणि संपूर्ण वाद्यवृंद त्याच्यावर कोसळतो; या दोन पातळ्यांमधले अंतर ज्या तबकडीवर अधिक, ती मला अधिक प्रामाणिक वाटते. नव्या काळातल्या मास्टरिंगमध्ये हे अंतर आवळण्याची प्रवृत्ती असते, आणि ते आवळले की त्या कोसळण्याचा धक्काच जातो.

शेवटची जागा प्रत्येक बाजूच्या शेवटी आहे. तबकडी मिनिटाला 33⅓ फेरे या एकाच गतीने फिरते, पण बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर खाच सरकते, तर आतल्या खाचांपाशी हा वेग सुमारे 21 सेंटिमीटरपर्यंत उतरतो. तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा मिळते, आणि झांजा व 'स'कार फाटू लागतात. या अल्बमच्या दोन्ही बाजू साधारण एकवीस मिनिटांच्या आहेत, आणि आतल्या खाचांच्या वाट्याला 'आयर्न मॅन' आणि 'फेअरीज वेअर बूट्स' ही दोन दणकट गाणी आली आहेत. आधीच्या मालकाने जड किंवा झिजलेल्या सुईने तबकडी वाजवली असेल तर तिची पहिली खूण इथेच दिसते. डोळ्यांना चकचकीत दिसणारी प्रत इथे फाटते आणि ओरखडे असलेली एखादी प्रत इथे स्वच्छ वाजते, म्हणून केवळ पाहून दिलेल्या दर्जावर माझा भरवसा नाही.

180 ग्रॅमच्या जाड विनाइलबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. जाड तबकडी सपाट राहण्याची शक्यता थोडी अधिक असते; खाचेत काय कापले आहे ते तिच्या वजनाने बदलत नाही.

माझ्या कानाला आजवर सर्वाधिक पटलेली प्रत ब्रिटिश व्हर्टिगोच्या सुरुवातीच्या कटिंगची आहे, आणि त्याचे कारण खर्ज नव्हे. बेस आणि गिटार जिथे एकच रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी स्वरावली, एकत्र वाजवतात तिथेही तिच्यावर ते दोन वेगळे वादक राहतात. खर्ज फुगवलेल्या कटिंगवर त्यांचा एकच लगदा होतो. हिरव्या लेबलाची अमेरिकन प्रत मला किंचित कोरडी पण ढोलांच्या बाबतीत अधिक तडफदार वाटते, आणि 'आयर्न मॅन'च्या सुरुवातीचे ठोके ऐकायचे असतील तेव्हा मी तीच काढतो.

1974मध्ये वॉर्नरने काढलेली क्वाड्राफोनिक, म्हणजे चार स्पीकरांसाठीची चार चॅनेलची, आवृत्ती मात्र मी या तुलनेत धरत नाही. ती वेगळी छापणी नसून वेगळे मिश्रण आहे: वाद्यांच्या जागा आणि पातळ्या बदललेल्या आहेत, आणि तिचे दोन चॅनेलमध्ये उतरवलेले रूप 2016 आणि 2020च्या विस्तारित संचांमध्येही दिले आहे. सीडी-4 पद्धतीची मूळ चार चॅनेलची तबकडी नीट वाजवायची तर 30 किलोहर्ट्झचा वाहक संकेत वाचू शकणारी शिबाता या खास घडणीची सुई आणि त्या संकेतातून चार चॅनेल वेगळे करणारा डीमॉड्युलेटर लागतो, आणि साध्या जड सुईने वारंवार वाजवलेल्या प्रतीतून तो संकेत झिजून गेलेला असतो. अशी प्रत घेताना रन-आउटच्या क्रमांकाइतकेच महत्त्व तिच्या आधीच्या मालकाने ती कशावर वाजवली या प्रश्नाला द्यावे लागते.