गोटी, स्ट्रायकर आणि बांगडी

बारावीच्या फिजिक्सचा पहिलाच धडा रोटेशनल डायनॅमिक्स, म्हणजे फिरणाऱ्या वस्तूंच्या गतीचा. मुलं तिथेच सूत्रांची यादी पाठ करायला लागतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून आज नौपाड्यातल्या वर्गात फळ्याकडे वळलेच नाही. ड्रॉइंग बोर्ड तिरपा ठेवला आणि गोटी, कॅरमचा स्ट्रायकर, पितळी बांगडी एकदम सोडली.

बहुतेकांचा कौल स्ट्रायकरला होता, "जड आहे ना मॅडम!" जिंकली गोटी. प्रत्येक वेळी. मग एकाने हातातलं जाडजूड स्टीलचं कडं काढून लावलं, तर ते बांगडीच्याच बरोबरीनं खाली आलं! वर्गात जो गलका झाला, तो शेजारच्या वर्गापर्यंत गेला असणार.

मग मांडणी केली. घर्षण नसतं आणि वस्तू नुसती घसरली असती, तर जितकं त्वरण मिळालं असतं, त्याच्या गोटीला ५/७, स्ट्रायकरला २/३, कड्याला १/२. वस्तुमान आणि त्रिज्या दोन्ही कटतात. त्रिज्येच्या मानानं वस्तुमान अक्षापासून किती लांब पसरलंय, एवढंच उरतं. कड्याचं सगळं कडेला, म्हणून बरीच ऊर्जा त्याला फिरवण्यातच जाते.

शेवटच्या बाकावरची, एरवी गप्प असणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, पाण्याची भरलेली बाटली सोडली तर? आतलं पाणी फिरेल का?"

काय सुंदर प्रश्न! पाणी जवळजवळ फिरत नाही, म्हणून ती बाटली बर्फाच्या बाटलीला मागे टाकते. पण हे मी सांगितलं नाही. सारख्याच दोन बाटल्या घेतल्यात, एक आत्ताच फ्रीझरमध्ये ठेवली. उद्या ती मुलगीच सोडेल.