बेडकासाठी पायपुसणं

मेरिलँडमधलं हे घर घेतलं, तेव्हा मागच्या अंगणातला पोहण्याचा तलाव आयताच मिळाला. आयता आपला म्हणायचा. पोहणं दहा मिनिटांचं आणि साफसफाई तासाभराची. रोज सकाळी पहिलं काम स्किमरचं. तलावाच्या भिंतीत एक चौकोनी तोंड असतं. पंप तिथून वरवरचं पाणी ओढतो आणि पानं-किडे आतल्या टोपलीत अडकतात. गेल्या जूनमध्ये झाकण उचललं, तर मेपलच्या पानांखाली काहीतरी हललं. भेक. मातकट, अंगभर पुळ्या, डोळ्यांना सोनेरी कड. त्याच्या शेजारी दुसरा होता, तो हलत नव्हता.

मग मी लक्ष ठेवायला लागलो. रात्री तलावातला दिवा लागला की किडे जमतात, किड्यांमागे हे येतात आणि पाण्यात पडतात. पोहता येतंच, पण बाहेर कसं पडणार? पाणी काठापासून वीतभर खाली आणि भिंत ताटासारखी गुळगुळीत. बिचारे भिंतीला धरून फिरत राहतात, आणि त्याच भिंतीत स्किमरचं तोंड! त्यात भेक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाखालच्या कातडीतून शोषून घेतो. म्हणजे रात्रभर क्लोरीन पिणं आलं.

आई तेव्हा रत्नागिरीहून आली होती. टोपलीत डोकावून म्हणाली, "अरे, चढायला काहीतरी टाक की त्यांना. आपल्या विहिरीत कधी बेडूक बुडालेला बघितलास?"

नव्हता बघितला. आमची विहीर चिऱ्यांची. खरखरीत जांभा, सांध्यांतून उगवलेले नेचे, हातहातभर अंतरावर कपारी. विहिरीतल्या बेडकाला आपण पिढ्यान्‌पिढ्या हसत आलो, पण त्याला निदान टेकायला जागा होती.

आईने दारातलं काथ्याचं पायपुसणं उचललं, अर्धं पाण्यात सोडलं आणि काठावरच्या अर्ध्यावर वीट ठेवली. मी हसलो आणि रीतसर फ्रॉगलॉग मागवला. पाण्यावर तरंगणारा एक फुगीर तुकडा आणि त्याला काठापर्यंत जाणारा जाळीदार उतार. याच राज्यातल्या रिच मेसन या वन्यजीव-अभ्यासकाने तो शोधला. ओळखीच्यांच्या तलावात बेडूक मरत होते म्हणून. तो मी स्किमरच्या एका बाजूला लावला, दुसऱ्या बाजूला पायपुसणं तसंच राहिलं. दिवाही रात्री बंद करायला लागलो.

एकदा रात्री टॉर्च घेऊन गेलो. एक भेक भिंतीकडेने येत होता. पायपुसण्याला नाक लागलं तसा थांबला. पुढचा एक पाय काथ्यात रुतवला, मग दुसरा. अर्धं अंग बाहेर काढून बराच वेळ तसाच बसला, गळा धपापत होता. मला घाई, त्याला मुळीच नव्हती. शेवटी विटेला वळसा घालून जास्वंदीच्या कुंडीमागे गेला. (ही जास्वंद थंडीत घरात घ्यावी लागते, भेक आपापले जमिनीत उतरतात.)

आई सप्टेंबरात परत गेली. फोनवर नातवंडांच्या आधी विचारते, "पायपुसणं आहे ना?"

आहे, पण कुजत चाललंय. टोपलीत आता काथ्याचे धागे सापडतात. फिल्टर तुंबतो म्हणून सफाईवाला कुरकुरतोय. नवीन आणायला हवं.