रडार-दिवा, नोंद चौथी: शंभर हर्ट्झचं भूत

हाताच्या इशाऱ्यावर लागणारा-विझणारा दिवा मी रडार वापरून बनवतोय. हलत्या हातावरून परतलेल्या लहरीची वारंवारता जराशी बदलते; तो फरक मी आलेखावर बघतो. पण खोलीत कोणी नसतानाही तिथे १०० हर्ट्झपाशी एक टेकाड उभं राहायचं. पंधरा दिवस मी त्याला विजेची घरघर समजून सिग्नल मोठा करणाऱ्या एलएम३५८ अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे लागलो होतो. कपॅसिटर बदलले, अडॅप्टर काढून बॅटरी लावली, तरी टेकाड जागच्या जागी. माझं एचबी१०० हे रडार मॉड्यूल १०.५२५ गिगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे सेकंदाला एक मीटर वेगाने हात आला की सुमारे ७० हर्ट्झ मिळतात. १०० हा तर जरा झपकन हलवलेल्या हाताचाच आकडा. दिवा लागायचाच.

शेवटी पोळ्या गुंडाळायची फॉइल आणून मॉड्यूलच्या तोंडावर धरली. टेकाड गायब! वायरीतून येत असतं तर फॉइलला कशाला घाबरलं असतं? वर पाहिलं, तर आमच्या रामबागेतल्या घरातली तांब्याच्या चोकची जुनी ट्यूबलाइट. नळीतला वायू पेटलेला असताना रडारच्या लहरी परतवतो, आणि ५० हर्ट्झच्या विजेवर त्याचा जोर सेकंदाला शंभरदा वरखाली होतो. रडारला वाटतं, कोणीतरी हात हलवतंय.

एलईडी पट्टी लावली की ट्यूब सुटेल, पण पंख्याचं काय? त्याची पातीही रडारला हलताना दिसतात. इंदूरच्या एप्रिलमध्ये पंखा बंद ठेवून प्रयोग करण्याइतका मी विज्ञाननिष्ठ नाही.

म्हणून एचबी१००ला रजा दिली. एकच आउटपुट असल्यामुळे हात आला की गेला, हेही त्याला कळत नव्हतं. आता २४ गिगाहर्ट्झचं, आय आणि क्यू असे दोन आउटपुट देणारं मॉड्यूल आहे. दोन्हींत ९० अंशांचा फरक असतो. ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलरवर सेकंदाला २००० नमुने घेतो आणि २५६ नमुन्यांचा एफएफटी (सिग्नलमधल्या वारंवारता वेगळ्या करणारं गणित) लावतो. येणारा हात शून्याच्या एका बाजूला दिसतो, जाणारा दुसऱ्या. गंमत म्हणजे ट्यूब दोन्ही बाजूंना सारखीच दिसते, कारण ती हलत नाही, नुसती लुकलुकते. पंखाही जवळजवळ तसाच: एक पातं येतं तेव्हा दुसरं जात असतं. मग नियम एका ओळीचा झाला: दोन्हीकडे सारखं दिसलं तर सोडून द्या. इशारे ओळखायला न्यूरल नेटवर्क शिकवायचा घाट सध्या गुंडाळून ठेवलाय.

हात पुढे ढकलला की दिवा लागतो, मागे ओढला की विझतो. डावं-उजवं मात्र जमत नाही. कुठूनही हात फिरवा, तो आधी जवळ येतो, मग लांब जातो. त्यासाठी दुसरा रिसीव्हर अँटेना हवा. अंगठा बोटावर घासण्यासारखे बारीक इशारे गूगलच्या सोली या रडार चिपने २०१५ मध्ये दाखवले होते, पण ते ६० गिगाहर्ट्झवर, जिथे लहर जेमतेम ५ मिलिमीटरची. आमची साडेबारा. सोली असलेला पिक्सेल ४ फोन आपल्याकडे विकायलाच आला नाही, नाहीतर एक जुना उघडून बघितला असता.

काल आईला म्हटलं, तू करून बघ. तिने हात पुढे केला, दिवा ढिम्म. तीनदा केल्यावर म्हणाली, "अरे, हा फक्त तुझंच ऐकतो का?" आलेख पाहिला: मनगटावरच्या सोन्याच्या पाटल्या हात थांबल्यावरही मागेपुढे डुलत होत्या, दोन्ही बाजूंना जवळपास सारख्या. माझ्या नियमाने आईला पंखा ठरवलं होतं. आता दोन बाजूंमधला फरक किती धरायचा, ते आईच्या हातावरच ठरवतोय. पाटल्या काढायला ती तयार नाही.