एक सनद असताना दुसरी : कॅलिफोर्नियाच्या बारची तयारी

अमेरिकेत वकिलीचं लायसन्स राज्याचं असतं, देशाचं नाही. घरच्यांना हे पटवताना माझी पुरेवाट झाली, कारण आपल्याकडे महाराष्ट्र-गोवा बार काउन्सिलची सनद मिळाली की ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१च्या कलम ३० नुसार देशभर वकिली करता येते. ‘अगं, तू वकील आहेस ना? मग परत कसली परीक्षा?’ हा आईचा प्रश्न फोनवर ठरलेला.

पुण्यात एलएलबी, मग इकडे एलएलएम, मग न्यूयॉर्कचा बार, म्हणजे तिथल्या लायसन्सची परीक्षा, असा माझा प्रवास. तिथे मृत्युपत्रं आणि ट्रस्टच्या कामात मी छान रुळले होते, आणि नवऱ्याची नोकरी सॅन होजेला गेली. मी इमिग्रेशनचं काम करत असते तर कुठल्याही एका राज्याचं लायसन्स चाललं असतं, कारण तो केंद्राचा कायदा. मृत्युपत्रांचं तसं नाही. न्यूयॉर्कचा यूबीई (अनेक राज्यांच्या सामायिक बार परीक्षेचा) स्कोअर बऱ्याच राज्यांत नेता येतो. कॅलिफोर्निया तो घेत नाही, आणि नुसत्या अनुभवावरही दार उघडत नाही.

एक सवलत मात्र आहे. दुसऱ्या राज्यात लगतची किमान ४ वर्षं सनद चालू असेल तर ‘ॲटर्नीज एक्झाम’ देता येते. तिच्यात २०० एमसीक्यूंचा दिवस गळतो आणि लेखी दिवस तेवढा उरतो : तासातासाचे ५ निबंध आणि दीड तासाचा परफॉर्मन्स टेस्ट (दिलेल्या फाइलवरून मेमो लिहिणं). ऐकायला सोपं वाटतं, पण पूर्ण परीक्षेत एमसीक्यूंना निम्मं वजन आहे. ज्यांचे ते चांगले जातात त्यांना निबंधात थोडं कमी पडलं तरी सावरता येतं. इथे सगळी भिस्त लिखाणावर. शिवाय पास व्हायची अट तीच, २००० पैकी १३९०. तरीही मी एक दिवसाचीच घेतली. नोकरी सांभाळून एमसीक्यूंच्या चक्रात पुन्हा शिरण्याची माझी तयारी नव्हती. ज्यांना निबंधाचा कंटाळा आहे त्यांनी मात्र सवलतीला भुलू नये.

मला सर्वांत जास्त वेळ कशाने खाल्ला असेल, तर माझ्या रोजच्या विषयाने. टॉर्ट्स (नुकसानभरपाईचे दिवाणी दावे), काँट्रॅक्ट्स मी इतकी विसरले होते की ती कोऱ्या मनाने वाचली. मृत्युपत्रं विसरलेच नव्हते, आणि अडचण तीच होती. न्यूयॉर्कमध्ये मृत्युपत्रात पत्नीला किंवा पतीला डावललं तरी त्यांना ५०,००० डॉलर किंवा निव्वळ मालमत्तेचा एक-तृतीयांश, यांपैकी जे जास्त ते मागता येतं. कॅलिफोर्नियात असा हक्कच नाही, कारण त्याची गरज नाही : लग्न टिकून असताना दोघांनी जे कमावलं ते मुळातच निम्मं-निम्मं. मरणारा फक्त आपल्या निम्म्याचंच मृत्युपत्र करू शकतो. वारशाने किंवा भेट म्हणून आलेलं, लग्नाआधीचं, हे ज्याचं त्याचं. सगळं स्वहस्ते लिहिलेलं, सही केलेलं पण साक्षीदार नसलेलं मृत्युपत्र न्यूयॉर्कमध्ये सैनिक आणि खलाशांसारख्या मोजक्या लोकांसाठीच चालतं. इथे ते कुणाचंही चालतं.

त्यात ‘क्वासी-कम्युनिटी प्रॉपर्टी’ ही आणखी एक भानगड. जोडपं दुसऱ्या राज्यात असताना केलेली कमाई, जी इथे राहून केली असती तर सामायिक ठरली असती, ती घटस्फोटात सामायिकच धरतात. म्हणजे आमचीच न्यूयॉर्कमधली बचत! नवऱ्याला समजावल्यावर तो म्हणाला, ‘आता कळलं तू इतक्या मन लावून का वाचतेस.’

हा विषय डोक्यात बसला तो गोव्यामुळे. तिथे १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामायिक होते, आणि त्यात लग्नाआधीचीही येते. लॉ कॉलेजात हा भाग आम्ही पानं उलटत संपवला होता. कॅलिफोर्नियाचा नियम म्हणजे याहून आखूड सामायिकता, असं धरल्यावर गुंता सुटला.

एव्हिडन्सचं, म्हणजे पुराव्याच्या कायद्याचं, दुखणं निराळं. प्रश्नात कॅलिफोर्निया म्हटलंय की फेडरल, हे आधी बघायचं. विरुद्ध पक्षाचंच विधान पुराव्यात आणलं तर फेडरल नियमांत ते हिअरसेच (ऐकीव पुरावा, जो एरवी चालत नाही) नव्हे. कॅलिफोर्नियात ते हिअरसे, पण अपवादात बसणारं. निकाल एकच, उत्तर वेगळं. प्रोफेशनल रिस्पॉन्सिबिलिटीत, म्हणजे वकिलांच्या आचारसंहितेतही तसंच : अशिलाच्या गुप्ततेबाबत इथला कायदा फारच कडक आहे. जिवावर बेतणारा किंवा गंभीर इजेचा गुन्हा टाळायचा असेल तरच वकिलाला तोंड उघडायची मुभा, आर्थिक फसवणुकीसाठी नाही. मी शेवटी पूर्ण नोट्स बाजूला ठेवल्या आणि फक्त फरकांची एक वही केली.

लिखाणाची सवय मोडणं हा दुसरा भाग. नोकरीत आपण सावध लिहितो, दाखले शोधतो, ‘परिस्थितीनुसार’ म्हणतो. आणि पुण्यातल्या परीक्षांनी ‘थोडक्यात उत्तर द्या’ला चार पानं लिहायला शिकवलेलं. इथे तासाभरात मुद्दा, नियम, तथ्यांना तो लावणं आणि निष्कर्ष, बस्स. परीक्षकाला विद्वत्ता नको असते, प्रश्नातली तथ्यं वापरलेली हवी असतात. स्टेट बार जुने प्रश्न आणि निवडक उत्तरं साइटवर ठेवतो. मी महागड्या कोर्सच्या व्हिडिओंपेक्षा त्यांच्यावर जास्त शिकले. रात्री मुलगी झोपली की घड्याळ लावून एक निबंध, मग लगेच नमुन्याशी ताडून पाहणं. परफॉर्मन्स टेस्टचा सराव मात्र फारसा केला नाही. फाइल वाचून मेमो लिहिणं, तेच तर आपण दिवसभर करतो.

कागदपत्रांबद्दल एकच सांगते : मॉरल कॅरेक्टरचा (चारित्र्य-पडताळणीचा) अर्ज परीक्षेच्या आधीच टाका. बोटांचे ठसे, जुने पत्ते, सगळ्या नोकऱ्या. सहा महिने तरी धरूनच चाला. एमपीआरईचा (वकिली आचारसंहितेच्या वेगळ्या परीक्षेचा) स्कोअरही तपासा. न्यूयॉर्कला ८५ चालतात, इथे ८६ लागतात.

परीक्षा फेब्रुवारी २०२३मध्ये, निकाल मेच्या सुरुवातीला. पास झाले. शपथ नोटरीसमोरही घेता येते, तशीच घेतली. न्यूयॉर्कची सनद सोडलेली नाही, त्यामुळे तिथे दर दोन वर्षांनी ३७५ डॉलर नोंदणी फी आणि २४ तासांचं सीएलई (वकिलांना सक्तीचं पुढचं शिक्षण), इथे दर तीन वर्षांनी २५ तासांचं, असा दुहेरी हिशोब आता मागे लागला आहे.