शिशाच्या डोंगराचे नाव

चीनच्या दक्षिण सुंग काळातील (बारावे-तेरावे शतक) तत्त्वचर्चेवरच्या एका ग्रंथाचा मराठी अनुवाद छपाईला जाण्याच्या आदल्या दिवशी मी त्याची स्थलनामसूची रोमन नकाशाशी शेवटची ताडून पाहत होते. च्यांगशी प्रांतातील एका काउंटीचे (प्रांताखालच्या प्रशासकीय विभागाचे) नाव मी सर्वत्र 'छ्येनशान' असे लिहिले होते. चिनी लिपीत त्याचे पहिले चिन्ह शिशाचे, दुसरे डोंगराचे. तेथील डोंगरात शिसे सापडत असे, म्हणून हे नाव पडले. शिशाला आजच्या चिनीत 'छ्येन' म्हणतात, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. नकाशावर मात्र क्यू अक्षराने सुरू होणारे नाव नव्हतेच. तेथे वाय-ए-एन, म्हणजे 'येनशान', असे छापलेले होते.

नकाशाकाराची गफलत झाली, असे मला वाटले. हपै प्रांतात मिठाच्या डोंगराची 'येनशान' काउंटी आहे, युन्नानमध्ये शाईच्या दगडी पात्रावरून नाव पडलेली आणखी एक आहे. लिपीत ही नावे अगदी निराळी दिसतात, पण रोमन लेखनात सुरांच्या खुणा गाळल्या की एकसारखी होतात. समासात 'नकाशा चुकीचा' असे लिहिण्यापूर्वी केवळ सवयीने मी शब्दकोश उघडला. त्या चिन्हाखाली दुसरा उच्चार दिलेला होता, 'येन', आणि त्याचा उपयोग म्हणून च्यांगशीतील हीच काउंटी नोंदवलेली होती.

मग मी 1008 साली पूर्ण झालेल्या 'ग्वांगयुन' या यमककोशातील (चिन्हे उच्चारांनुसार लावणाऱ्या जुन्या चिनी कोशातील) नोंद पाहिली. तिच्यानुसार त्या चिन्हाच्या उच्चारात आरंभी 'छ' नव्हताच. जपानीने चिनीकडून घेतलेला उच्चारही 'एन' असाच आहे. तिथे पेन्सिलीला 'एम्पित्सु' म्हणतात, म्हणजे शिशाची लेखणी, आपल्या शिसपेन्सिलीसारखीच. धातूचे नाव पुढे 'छ्येन' झाले, पण या ठिकाणाच्या नावात जुन्या वळणाचा उच्चार टिकून राहिला. 1958 साली चीनने स्वीकारलेली आणि 1977 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने चिनी स्थलनामांसाठी मान्य केलेली पिनयिन ही रोमन लेखनपद्धत चिन्ह नव्हे, तर उच्चार लिहिते. त्यामुळे लिपीत न दिसणारी ही गोष्ट रोमन अक्षरांत उघड दिसत होती आणि मी तिलाच चूक ठरवायला निघाले होते. आपण रोमन लेखनाला नेहमी उणे लेखतो. येथे त्यानेच मला सावध केले.

नाव किरकोळ असते, तर मला एवढे लागले नसते. पण 1175 मध्ये चू शी आणि लू च्यूयुआन या तत्त्वज्ञांचा प्रसिद्ध वाद याच काउंटीतील हंससरोवर मंदिरात झाला, आणि 1207 मध्ये कवी शिन छीची यांचे निधनही येथेच झाले. पुस्तकाचा एक अख्खा अध्याय या गावांभोवती फिरतो. त्या रात्री मी प्रत्येक 'छ्येनशान' खोडून 'येनशान' केले. रोमन अक्षरे पाहून 'यानशान' लिहिण्याचा मोह होतो, पण वायनंतरचा हा 'ए-एन' कानाला 'येन' असाच ऐकू येतो. सूचीत नावापुढे कंसात 'शिशाचा डोंगर, च्यांगशी' एवढे जोडले, आणि पहाटे पाने मुद्रकाकडे पाठवली.